बेळगावात जुन्या घरांसाठी पत्रं पाठवायची तर

प्रश्न आला तो थोडक्यात असा: "काका, मी वडगावचा. उद्यमबागेत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. १८ लाख साठलेत, थोडं कर्जही मिळेल. एखादं जुनं घर घेऊन, दुरुस्त करून विकायचा विचार आहे. अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघतो. ते म्हणतात, घरमालकांना थेट पत्रं पाठवा, म्हणजे एजंटाच्या आधी तुम्ही पोचता. दोन हजार पत्रं छापायचा भाव काढलाय. त्यात काय लिहू? आणि आमच्या घरामागं एक घर बारा वर्षं बंद आहे, पहिलं पत्र त्यालाच टाकू का?"

छापखान्याला फोन करून आधी काम थांबव, मग पुढचं वाच.

मी गेली बावीस-तेवीस वर्षं शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी आणि अधूनमधून खानापूर-निपाणीकडची जुनी घरं घेतोय. पत्रांचा नाद मलाही होता आणि अजून आहे. माझ्या व्यवहारांतले बरेचसे पत्रांवरूनच जुळले. पण पत्र म्हणजे काय आणि ते कुणाला पाठवायचं, हे मला पैसे घालवूनच कळलं.

ते व्हिडिओवाले खोटं बोलत नाहीत, ते त्यांच्या देशाचं सांगतात. तिथं काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कराच्या नोंदी लोकांना बघायला खुल्या असतात. घर कुणाच्या नावावर आहे आणि कराचं बिल कुठल्या पत्त्यावर जातं, या दोन्ही गोष्टी त्यात असतात. घर एका गावात आणि बिल दुसऱ्या गावात जातंय, म्हणजे मालक बाहेरगावी राहतो. अशा मालकांच्या याद्या तिथं सरळ विकत मिळतात. कर थकवलेल्यांच्या वेगळ्या, वारसाहक्काची प्रकरणं चाललेल्यांच्या वेगळ्या. शिवाय २०११ पासून तिथल्या टपाल खात्यानं पत्ता न घालता एका मार्गावरच्या प्रत्येक दारात पत्रक टाकायची सोय केली आहे. यादी तयार, टपाल स्वस्त, म्हणून तो माणूस हजारांत बोलतो. हजारातले दहा-पाच फोन आले तरी त्याचं भागतं.

आता आपल्याकडे बघ. जमिनीची पहाणी, म्हणजे आपण उतारा म्हणतो तो आरटीसी, कर्नाटक सरकारच्या भूमी या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर घातला की फुकट दिसतो. नवव्या रकान्यात मालकाचं नाव, अकराव्यात बोजा आणि इतर हक्क. शहरात सिटी सर्व्हे ऑफिसात सीटीएस नंबरवरून प्रॉपर्टी कार्ड मिळतं, त्यावरही नावं असतात. पण मालक आज कुठं राहतो, हे यातला कुठलाच कागद सांगत नाही. कैक वेळा उताऱ्यावरचा माणूस वारून पंचवीस वर्षं झालेली असतात, पौती खातं, म्हणजे वारसांची नावं लावणं, झालेलंच नसतं, आणि खरे मालक म्हणजे चार भाऊ, तीन बहिणी आणि एका वारलेल्या भावाची दोन पोरं. दोन हजार पत्रं तू कुणाच्या नावानं टाकणार? दारोदार टाकलीस तर ती भाडेकरूंच्या हातात पडतील, आणि भाडेकरू ते पत्र मालकाला कशाला दाखवेल?

पेपरात पत्रक घालायचा पर्यायही मी करून बघितलाय. चार दिवस फोन वाजतो, आणि निम्म्याहून जास्त फोन एजंटांचे असतात, "अण्णा, आमच्याकडं एक पार्टी हाय की" म्हणणारे. उरलेले, किंमत किती येईल एवढं विचारून ठेवून देणारे.

म्हणून माझा हिशोब साठ पत्रांचा आहे. साठ घरं निवडायची आणि त्या साठच घरांना वर्षात तीनदा लिहायचं. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागतं. एका फेरीला ३०० रुपये, तीन फेऱ्यांना ९००, वर कागद आणि पाकिटं. तुझ्या दोन हजारांना नुसत्या तिकिटांचेच १०,००० झाले असते. हा पैसा वाचव, वकिलाला लागेल.

साठ घरं शोधायची ती पायी. रविवारी सकाळी सातला निघ, मोटारसायकल घरी ठेव. शहापूरच्या किंवा वडगावच्या एका गल्लीत शिर आणि बंद दारं बघत जा. कुलूप गंजलंय का, तुळशीवृंदावन वाळलंय का, विजेचा मीटर काढून नेलाय का, कौलातून पिंपळाचं रोप वर आलंय का. एक तपशील नीट बघ: अंगणात केर साठलाय पण उंबऱ्यावर ताजी रांगोळी आहे, म्हणजे शेजारीण त्या घराकडे लक्ष ठेवते. तिच्याकडे मालकाचा फोन नंबर, पत्ता, आणि घराण्यात कुणाचं कुणाशी पटत नाही इथपर्यंत सगळं असतं. तिच्याशी बोल. आपण कोण, कुणाचे, वडगावात कुठल्या गल्लीत राहतो, हे आधी सांग. आडनाव आणि गल्ली सांगितल्याशिवाय आपल्याकडे कुणी पत्ता देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पत्ते जातात कुठं? कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोवा. आपल्या भागातल्या घराघरांतली पोरं तिकडं नोकरीला गेली, मागून आई-वडील गेले, घर राहिलं. या लोकांची एक अडचण आहे आणि तुझं पत्र तिथंच उपयोगी पडतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो आणि पुढं कागद कन्नडात आले. कोल्हापुरात किंवा पिंपरीत वाढलेल्या नातवाला आजोबांचा आरटीसी वाचता येत नाही. त्याआधीची खरेदीखतं कपाटात असतील तर त्यातली काही मोडी लिपीत. घरात कागद आहेत, पण कुणालाच ते धड वाचता येत नाहीत, अशी शेकड्यांनी कुटुंबं मला माहीत आहेत. विकायचं मनात असलं तरी "बेळगावला जाऊन त्या कचेऱ्यांत कोण फिरणार" म्हणून विषय मागं पडतो. मी शेतजमिनीच्या मालकाला लिहितो तेव्हा त्यांच्या आरटीसीची प्रत आणि तिचं सोप्या मराठीत भाषांतर सोबत जोडतो. उघड नोंद आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. काही जणांनी निव्वळ त्यासाठी आभाराचे फोन केले, जमीन काही दिली नाही. चालतं.

मालक कन्नड बोलणारा असेल तर पत्र कन्नडात लिहून घे, चांगल्या माणसाकडून. मोडकंतोडकं कन्नड लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, साधं टपाल गहाळ होतं, म्हणून चाळीस पत्रं रजिस्टर पोचपावतीसह पाठवली. खासबागेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे पोस्टमन गेला, सही मागितली. त्यांचा धाकट्या भावाशी वाद होता. लांब पाकीट, रजिस्टर, वर बेळगावचा शिक्का. त्यांनी ते फोडलंच नाही. भावानं वाटणीचा दावा लावला असं समजून पाकीट तसंच घेऊन वकिलाकडे गेले, रात्रभर झोप नाही, बीपी वाढलं. वकिलानं फोडून वाचलं आणि मला फोन लावला. काय बोलला ते इथं लिहीत नाही. मी पाव किलो कुंदा घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि पाया पडून आलो. आपल्याकडे रजिस्टर पत्र म्हणजे कोर्ट, बँक नाहीतर बहिणीची नोटीस. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात मिसळलं, तरी सहीचं पत्र बघून छातीत धडधडणं काही बदललेलं नाही. साधं पाकीट, साधं तिकीट, पत्ता हातानं लिहिलेला. पाकिटाच्या मागं स्वतःचा पूर्ण पत्ता पिनकोडसह घाल, म्हणजे न पोचलेलं परत यायची शक्यता राहते. परत आलेलं पाकीट फेकू नकोस. त्यावर पोस्टमननं "दार बंद" लिहिलंय की "सोडून गेले", यावरून पुढचा शोध ठरतो.

पोस्टकार्ड ५० पैशाला मिळतं म्हणून मोह होईल. अजिबात नको. कार्ड पोस्टमन वाचतो, खालचा भाडेकरू वाचतो, जाऊ वाचते. "आपलं घर विकण्याचा विचार असल्यास" हे वाक्य उघड्या कार्डावर गेलं की दुसऱ्या दिवशी गल्लीभर होतं, "त्यांनी घर काढलंय म्हणे." मालक तुझ्यावर कायमचा उखडला म्हणून समज.

मजकुराचं सांगतो. व्हिडिओतलं "आम्ही घरं घेतो, रोख, सात दिवसांत" हे इथं चालत नाही, आणि रोखीचा तर शब्दच काढू नकोस. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय रोख म्हटलं की शहाणा मालक सावध होतो आणि लबाड मालक जवळ येतो. किंमतही लिहू नकोस. कागदावर आकडा गेला की तो भावाभावांत फिरतो, प्रत्येक जण त्यावर आपली वीस टक्के चढवतो, आणि तू प्रत्यक्ष बोलायला बसशील तेव्हा तुझाच आकडा तुझ्या तोंडावर असतो.

माझं पत्र साधारण असं असतं:

"श्री. ... यांस, सा. न. वि. वि. मी ..., राहणार वडगाव, उद्यमबागेत नोकरीस आहे. शहापूर, कोरे गल्ली येथील आपल्या घरावरून माझं नेहमी जाणं-येणं असतं. यंदाच्या पावसात मागच्या पडवीची कौलं सरकली आहेत आणि भिंतीत ओल उतरते आहे. आपण बाहेरगावी असता असं शेजाऱ्यांकडून समजलं, म्हणून कळवतो. दुरुस्ती करून घ्यायची असल्यास ओळखीच्या सुताराचा नंबर देईन. आपण घर विकण्याचा कधी विचार केलात, तर मला एकदा कळवावं. मी स्वतः घेणारा आहे, एजंट नाही. विचार नसल्यास या पत्राकडे दुर्लक्ष करावं, राग मानू नये. आपला ..."

खाली सही, फोन नंबर. एवढंच. एक पान, त्यातही अर्धं कोरं. कौलांचा तपशील मात्र खरा हवा. तू जाऊन बघितलेला हवा. छापील पत्रात तो घालताच येत नाही, म्हणून तर ते छापील म्हणून ओळखू येतं. आणि सुताराचा नंबर मागितला तर खरंच द्यायचा. दोघांनी माझ्याकडून सुतार घेतला, घर दुरुस्त केलं आणि भाड्यानं दिलं. त्यातल्या एकानं पुढं आपल्या मेव्हण्याचं घर मला दाखवलं.

"मी स्वतः घेणारा आहे" हे वाक्य लिहायचं तर ते पाळायचं. अमेरिकेतले काही जण नुसता करार करतात आणि तो करारच तिसऱ्याला विकून मधला पैसा घेतात. इथं तसं करायला जाशील तर तू एजंटच झालास, फक्त खोटं बोलणारा. मुखत्यारपत्रावर आणि बाँडपेपरवर फिरवाफिरवी करणारे अजून आहेत. नुसत्या मुखत्यारपत्रानं आणि विक्रीच्या करारानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्वच्छ सांगितलं आहे.

पत्र कधी पोचावं याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. घर विकायचं की नाही हे एकटा माणूस ठरवत नाही, सगळे जमले की ठरतं. आणि सगळे जमतात ते गणपतीला, दिवाळीला, मे महिन्याच्या सुट्टीत, नाहीतर आपल्या वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघायला. त्याच्या पंधरा दिवस आधी पत्र हातात पडलं पाहिजे, म्हणजे ते पिशवीतून गावी येतं आणि जेवणानंतर कुणीतरी बाहेर काढतं. पितृपक्षात पत्र टाकू नकोस. पेपरातल्या निधनवार्ता बघून पत्र टाकायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या घराला लिहायचं नाही, हा माझा नियम आहे. धंद्याच्या दृष्टीनंही तो बरा. वर्षाच्या आत वारसांची नावं लागलेली नसतात, आणि घाईत झालेल्या सह्या नंतर कोर्टात दिसतात.

यादी विकणारेही भेटतील, घरपट्टी भरणाऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर एका पेनड्राइव्हवर घेऊन. हात लावू नकोस. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. ते सोड, ज्याचा नंबर असा मिळाला त्याचा पहिलाच प्रश्न असतो, "माझा नंबर कुणी दिला?" आणि त्याला तुझ्याकडे उत्तर नसतं.

फोन आला की कागदांचं सुरू होतं. खरं काम तिथं आहे, पण तू पत्रांचं विचारलंस म्हणून मोजकंच सांगतो. पहिल्या बोलण्यात किंमत नको, माणसं मोज: उताऱ्यावर नाव कुणाचं, ते आहेत का, त्यांना भावंडं किती, बहिणी किती. "बहिणींचा काय संबंध, त्यांची लग्नं झाली" हे ऐकायला मिळणारच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीनं आला, कर्नाटकानं तर १९९४ मध्येच त्या दिशेनं कायदा केला होता, आणि २००५ ला वडील हयात नसले तरी हक्क राहतो हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नक्की केलं. प्रत्येक बहिणीची सही किंवा नोंदवलेलं हक्कसोड पत्र हातात आल्याशिवाय इसार म्हणून एक रुपया देऊ नकोस. मग नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावरून ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, काढ. फॉर्म १५ आला तर त्यात व्यवहार दिसतात, फॉर्म १६ म्हणजे काही नोंद नाही. पण वाटणीचा तोंडी वाद आणि बाँडपेपरवरचे सौदे त्यात उमटत नाहीत, म्हणून शेजारणीकडे परत जायचं असतं. ई-खाता, म्हणजे मिळकतीची ऑनलाइन नोंद, नसेल तर नोंदणी अडते, तो मालकाकडून आधी करून घे. ग्रामपंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तू या पंचायतीच्या मिळकत-नोंदीचे फॉर्म ९ आणि ११ बघ. कॅम्पातल्या बंगल्यांच्या वाटेला सध्या जाऊ नकोस. तिथं कॅन्टोन्मेंटच्या जमिनीच्या अटी वेगळ्या आणि तुझ्या १८ लाखांत ते बसतही नाही.

मोकळ्या जागेचंही सांगून ठेवतो. शहराच्या कडेला एनए (बिगरशेती) न करता पाडलेले गुंठ्याचे प्लॉट स्वस्त दिसतात. ३३ बाय ३३ फुटांचा गुंठा, १०८९ चौरस फूट, डोळ्यांसमोर घर उभं राहतं. नको. सर्व्हे नंबर हलगा-मच्छे बायपास, रिंगरोड किंवा कित्तूरमार्गे धारवाडच्या रेल्वेच्या भूसंपादनात आहे का, हे पत्र टाकण्याच्याही आधी बघ. आणि जमीन मूळची अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारनं दिलेली असेल तर १९७८ च्या कायद्यानं परवानगीशिवायची विक्री रद्द ठरते. २०२३ च्या दुरुस्तीनं तर दाव्याची मुदतीची अटही काढली. ती जमीन त्यांची आहे, आपण त्यात पडायचं नाही.

उत्तरं किती येतील असं विचारशील. माझ्या शेवटच्या साठांत नऊ पाकिटं परत आली, पाच फोन आले, त्यातले दोन "पुन्हा लिहू नका" सांगायला. त्यांची नावं वहीतून लाल शाईनं काढली. एक घर मिळालं, तेही पहिल्या पत्रानंतर एकोणीस महिन्यांनी. पनवेलहून एका काकूंचा फोन आला. "तुमचं पत्र कालनिर्णयाच्या मागं खोचून ठेवलंय," म्हणाल्या, "कॅलेंडर बदललं तेव्हा पत्र नव्याच्या मागं घातलं. आता आमचं ठरलंय, या." त्यांच्याकडे दोन एजंटांची चकचकीत कार्डंही होती, जास्त भाव सांगणारी. कौलाची ओल मी कळवली आणि त्यांनी शेजारणीकडून खात्री करून घेतली, एवढ्यावर त्यांनी मला बोलावलं. एकोणीस महिने थांबायचं म्हणजे नोकरी सोडायची नाही, हेही त्यातच आलं.

राहिलं तुझ्या घरामागचं बंद घर. त्याला पत्र टाकू नकोस. पत्र अनोळखी माणसासाठी असतं. बारा वर्षं बंद म्हणजे तू शाळेत असताना ती माणसं तिथं राहत होती, तुझ्या आईची त्या बाईंशी वाटीभर साखरेची देवाणघेवाण असणार. घरी गेल्यावर आईला विचार, त्यांची थोरली मुलगी कुठं दिली आणि तिचा फोन कुणाकडे मिळेल. आणि पहिला फोन तू करू नकोस, आईला करू दे.